पीसीओएस आणि पिशवीचा कॅन्सर : आधी कॅलेंडर भरा, मग वंशावळ

जनुकांची चाचणी मागवण्याआधी दोन कोरे कागद घ्या. एकावर गेल्या १२ महिन्यांतल्या पाळीच्या पहिल्या दिवसाच्या तारखा लिहायच्या. दुसऱ्यावर आईकडची आणि वडिलांकडची, दोन्ही बाजूंची तीन पिढ्यांची माणसं मांडायची. पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे अंडं वेळेवर न सुटण्याचा हार्मोनचा विकार) असलेल्या तरुण स्त्रीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका कुठल्या वाटेने येऊ शकतो, याचं बरंचसं उत्तर या दोन कागदांवर मिळतं. वाटा दोन आहेत. त्यांची गल्लत झाली की एकीकडे नको त्या तपासण्यांवर पैसे जातात आणि दुसरीकडे जी तपासणी हवी ती राहून जाते.

दोन वाटा, एकच अस्तर

पहिली वाट पीसीओएसची. अंडं वेळेवर सुटलं नाही की अस्तराची वाढ आवरणारं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन तयार होत नाही. अस्तर वाढवणाऱ्या इस्ट्रोजेनचं काम मात्र चालूच असतं. सारवणावर सारवण चढत जावं आणि जुने थर खरवडायला कोणी येऊच नये, तसं अस्तर वाढत राहतं. वजन जास्त असेल तर चरबीतलं अरोमाटेज हे विकर (एन्झाइम) आणखी इस्ट्रोजेन बनवतं. रक्तातलं इन्सुलिन वाढलेलं असेल तर यकृत हार्मोनना बांधून ठेवणारं एसएचबीजी नावाचं प्रथिन कमी बनवतं, आणि त्यामुळे मोकळे, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे, हार्मोन वाढतात. इन्सुलिन अस्तराच्या पेशींना थेटही ‘वाढा’ असा निरोप देतं.

पेशी वर्षानुवर्षं अशा विभागत राहिल्या की नक्कल करताना चुका होतात. या प्रकारच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा सुरुवातीलाच बिघडणारं जनुक म्हणजे पीटेन. पीटेन हा पेशीच्या वाढीचा ब्रेक, आणि तो लागतो नेमका त्या मार्गावर ज्याला इन्सुलिन रेटा देत असतं. ब्रेक निकामी आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला, अशी ती अवस्था. याच टप्प्यावर किंवा पुढे पीआयके३सीए, एआरआयडी१ए, सीटीएनएनबी१, केआरएएस ही जनुकंही बिघडलेली सापडतात. हे सगळे बिघाड फक्त अस्तराच्या त्या पेशींमध्ये असतात. रक्ताच्या वारसा-चाचणीत ते दिसत नाहीत आणि लेकीला वारशाने जात नाहीत.

दुसरी वाट जन्मापासूनची. लिंच सिंड्रोममध्ये डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांपैकी एक (एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२, किंवा एमएसएच२ ला बंद पाडणारा एपकॅममधला दोष) आई किंवा वडिलांकडून बिघडलेलं येतं. प्रत्येक मुलाला ते मिळण्याची शक्यता निम्मी. एमएलएच१, एमएसएच२ किंवा एमएसएच६ बिघडलेलं असेल तर आयुष्यभरात अस्तराचा कॅन्सर होण्याचा धोका साधारण ३५ ते ५० टक्क्यांच्या घरात जातो. पीएमएस२ मध्ये तो बराच कमी, १३ टक्क्यांच्या आसपास. दुसरा, अधिक दुर्मीळ आजार म्हणजे काउडन सिंड्रोम. त्यात पीटेनच जन्मतः बिघडलेलं असतं. म्हणजे पीसीओएसच्या वाटेवर जे जनुक पेशीत मागाहून मोडतं, ते इथे पहिल्या दिवसापासून अधू. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी येऊन मिळतात, पण सुरू होतात वेगवेगळ्या गावांहून.

मग पीसीओएस स्वतः आनुवंशिक आहे का? आहे. नेदरलँड्समधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात त्यातला साधारण ७० टक्के वाटा आनुवंशिक निघाला. २०११ मध्ये चीनमधल्या स्त्रियांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या अभ्यासाने एलएचसीजीआर, टीएचएडीए आणि डीईएनएनडी१ए या पीसीओएसशी जोडलेल्या जागा दाखवल्या. पुढे एफएसएचआर, आयएनएसआर वगैरेंची भर पडली. आपल्या परळच्या आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संस्थेने (एनआयआरआरसीएच) पीसीओएसशी जोडलेल्या जनुकांचा जो माहितीकोश बनवला, त्यात पाचशेहून अधिक जनुकं आहेत. आकडा मोठा आहे, पण त्याचा अर्थ उलटा घ्यायचा: प्रत्येकाचा वाटा चिमूटभर, म्हणून कुठलंही एक जनुक तपासून पीसीओएसचं निदानही होत नाही आणि कॅन्सरचं भाकीतही होत नाही. जन्मजात जनुक-फरकांवरून कारणं शोधणाऱ्या अभ्यासांत अस्तराच्या कॅन्सरशी ठळक संबंध दिसतो तो जास्त वजनाच्या आणि जास्त इन्सुलिनच्या प्रवृत्तीचा. म्हणून ‘पीसीओएस-कॅन्सर जीन पॅनेल’ अशा नावाने कोणी पॅकेज विकत असेल तर ते घेऊ नका.

धोका किती, तर एकत्रित अभ्यासांत पीसीओएस असलेल्यांना हा कॅन्सर इतरांपेक्षा अडीच ते तीन पट, तरुण गटात त्याहून थोडा जास्त आढळतो. पट ऐकून पोटात गोळा येतो. पण पंचविशी-तिशीत मुळातला आकडाच फार लहान असतो. त्याची तिप्पटही लहानच. म्हणूनच २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं लक्षण नसलेल्या प्रत्येक पीसीओएसवालीची सरसकट तपासणी करायला सांगत नाहीत. लक्ष ठेवायचं ते पुढच्या गोष्टींवर.

पहिला कागद : तारखा

पाळीचा पहिला दिवस म्हणजे पॅड लागेल इतकं रक्त गेलं तो दिवस. आधीचे दोन दिवस नुसते डाग दिसत असतील तर त्यांची वेगळी खूण करा. या पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंतचं अंतर मोजायचं. रक्त थांबल्यापासून मोजलं की आठवडाभराची चूक होते, आणि ही चूक फार जणी करतात. अ‍ॅप वापरत असाल तर त्याने ‘अंदाजे’ भरलेल्या तारखा खोडा. अ‍ॅप २८ दिवसांचं चक्र गृहीत धरून न आलेली पाळीही दाखवतं. भिंतीवरचं कॅलेंडर यात जास्त प्रामाणिक.

प्रौढ स्त्रीत २१ ते ३५ दिवसांचं अंतर ठीक. वर्षाला ८ पेक्षा कमी पाळ्या म्हणजे अनियमित. आणि कुठल्याही दोन पाळ्यांमध्ये ९० दिवसांहून जास्त अंतर पडत असेल, तर अस्तराचं संरक्षण हा विषय डॉक्टरांकडे काढायलाच हवा. मुलगी नुकती वयात आली असेल तर पहिली दोन-तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. मात्र पहिल्या वर्षानंतर ९० दिवसांची मर्यादा तिलाही लागू.

याच कागदावर आणखी तीन खुणा करा: दोन पाळ्यांच्या मध्ये अंगावरून जाणं, ७ दिवसांहून लांबलेली पाळी, आणि तासाला एक पॅड भिजण्याइतका स्राव. महिनोन्महिने पाळी नाही आणि मग तीन आठवडे थोडंथोडं जातच राहतं, हा प्रकार ‘चला, एकदाची आली’ म्हणून सोडून देण्यातला नाही. न झडलेलं जाड अस्तर जागोजागी सुटत असतं, त्याचं ते लक्षण असू शकतं.

अस्तर झडवणं : गोळ्यांचं गणित

उद्देश एकच. अस्तराला प्रोजेस्टेरॉन मिळावं आणि किमान दर तीन महिन्यांनी ते झडावं. डॉक्टर सहसा मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम रोज किंवा मायक्रोनाइज्ड प्रोजेस्टेरॉन २०० मिलिग्रॅम रात्री देतात, १० ते १४ दिवस. गोळ्या संपल्यावर २ ते ७ दिवसांत रक्तस्राव सुरू होतो. सुरू करण्याआधी गर्भधारणा चाचणी करा, ‘शक्यच नाही’ असं वाटत असलं तरी.

इथे नेहमी होणारा घोटाळा. गणपतीत किंवा घरच्या पूजेसाठी पाळी लांबवायची नॉरएथिस्टेरॉनची गोळी चार-पाच दिवस घेतली, मग पाळी आली, म्हणून ‘अस्तर साफ झालं’ असं धरून चालायचं. गोळी त्याच कुळातली असली तरी चार दिवसांत अस्तराला पुरेसा परिणाम मिळत नाही. कागदावर ती तारीख लिहा, पण ‘गोळीने’ अशी नोंद करून. केमिस्टकडून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या अशा गोळ्यांमुळे डॉक्टरांना खरं चक्र कळतच नाही.

दुसरा पर्याय संयुक्त गर्भनिरोधक गोळीचा. पुरळ, चेहऱ्यावरचे केस आणि अनियमित पाळी या तिन्हींना ती उपयोगी पडते. पण डोळ्यांपुढे चमक येणारी अर्धशिशी, पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी, किंवा जास्त रक्तदाब असेल तर ते आधी सांगायचं. तिसरा पर्याय म्हणजे ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल असलेली हार्मोनची कॉपर-टीसारखी टी. तिचा परिणाम थेट अस्तरावर होतो. पहिले तीन ते सहा महिने डाग पडतात, पुढे काही जणींची पाळी बंदच होते, आणि घरातल्या मोठ्या बायका ‘रक्त आत साठतंय’ म्हणून ती काढायला लावतात. साठत काहीच नाही. टी असताना पाळी न येण्याचं कारण पातळ अस्तर. औषध नसताना पीसीओएसमध्ये पाळी न येण्याचं कारण बहुतेकदा न सुटलेलं अंडं. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं, आत परिस्थिती अगदी उलटी असते.

वजनाबद्दल थोडक्यात. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३ पासून जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर नको. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींचं अंडं सुटायला लागतं. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी करा. लॅबच्या ‘पीसीओएस प्रोफाइल’मध्ये उपाशीपोटीचं इन्सुलिन असतं, त्या आकड्यावरून उपचार बदलत नाहीत. बारीक अंगाच्या मुलींनीही तारखांचा कागद भरायचाच, कारण अंडं न सुटण्याचा धोका वजनाची वाट बघत नाही.

सोनोग्राफीत काय विचारायचं

अस्तराची जाडी शक्यतो स्राव थांबल्यावर लगेच मोजावी. पाळी येतच नसेल तर कुठल्याही दिवशी करा, पण शेवटच्या पाळीची तारीख आणि चालू गोळ्या चिठ्ठीवर लिहून न्या. पीसीओएसमध्ये जाडी ७ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर अस्तराची घातक वाढ असण्याची शक्यता कमी. रिपोर्ट हातात आल्यावर नेटवर ‘४ मिलिमीटरच्या वर धोका’ असं वाचून घाबरू नका. तो नियम पाळी कायमची गेलेल्या स्त्रियांसाठी आहे. तुमच्या वयात महिन्याच्या उत्तरार्धात १२-१४ मिलिमीटर अगदी नैसर्गिक असतं. उलट जाडी बरी दिसली पण मधूनमधून अंगावरून जातच असेल, तर नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका.

‘लग्न झालंय का?’ हा सोनोग्राफी टेबलावरचा प्रश्न खरं तर योनीमार्गे तपासणी करता येईल का, एवढंच विचारत असतो. आई शेजारी उभी असेल तर उत्तर अवघड होतं. तिला थोडा वेळ बाहेर थांबायला सांगण्यात काही वावगं नाही. पोटावरून करायची असेल तर लघवी तुंबलेली हवी. पोटावर चरबी जास्त असली की पोटावरून अस्तर नीट दिसत नाही. अशा वेळी गुदमार्गे सोनोग्राफी किंवा एमआरआय हा पर्याय विचारा.

बायोप्सी : बाटलीपासून रिपोर्टपर्यंत

सतत अनियमित रक्तस्राव, गोळ्यांनी न थांबणारा स्राव, पाळी न येता जाड राहिलेलं अस्तर, किंवा लिंचचा वारसा असलेल्या घरातली पीसीओएसवाली मुलगी: यात तिशीच्या आतही बायोप्सी करावी लागू शकते. बारीक प्लास्टिकच्या नळीने ओपीडीतच काही मिनिटांत नमुना घेतात. पाळीच्या वेळी येते तशी कळ येते. तासभर आधी वेदनाशामक घ्यायचं का ते विचारा. एका कोपऱ्यात असलेला पॉलिप (अस्तराचा छोटा कोंब) या नळीतून निसटू शकतो, म्हणून सोनोग्राफीत काही एका जागी दिसलं असेल तर दुर्बिणीतून, म्हणजे हिस्टेरोस्कोपीने, तपासणी बरी. शरीरसंबंध न आलेल्या मुलीची हीच तपासणी भूल देऊन होते.

छोट्या नर्सिंग होममध्ये बऱ्याचदा नातेवाइकांच्या हाती बाटली देऊन ‘लॅबमध्ये पोचवा’ म्हणतात. त्या वेळी तीन गोष्टी तपासा. बाटलीत नमुना टिकवणारं फॉर्मॅलिन आहे, सलाइन नाही (सलाइनमध्ये पेशी कुजतात आणि लोकलच्या एका प्रवासात नमुना वाया जाऊ शकतो). बाटलीच्या अंगावर नाव आहे, नुसत्या झाकणावर नाही. आणि चिठ्ठीवर वय, शेवटची पाळी, घेतलेले हार्मोन लिहिलेले आहेत. प्रोजेस्टेरॉनमुळे पेशींचं रूप बदलतं, हे पॅथॉलॉजिस्टला ठाऊक नसेल तर वाचन चुकतं.

रिपोर्टमध्ये ‘हायपरप्लाझिया विदाउट एटिपिया’ (अस्तर वाढलंय, पण पेशींचं रूप बिघडलेलं नाही) असेल तर तो कॅन्सर नाही. २० वर्षांत कॅन्सरकडे जाण्याचं प्रमाण ५ टक्क्यांहून कमी. उपचार हार्मोनच्या टीने किंवा रोजच्या गोळीने किमान ६ महिने. इथे महिन्याला १० दिवसांचा कोर्स पुरत नाही, गोळी खंड न पाडता घ्यावी लागते, आणि अर्धवट उपचार होतो तो बहुतेक याच ठिकाणी. ६ महिन्यांच्या अंतराने दोन बायोप्सी स्वच्छ आल्याशिवाय थांबायचं नाही.

‘एटिपिकल हायपरप्लाझिया’ किंवा ‘ईआयएन’ (दोन्हींत पेशींचं रूपही बिघडलेलं) असेल तर मात्र थेट कॅन्सरतज्ज्ञ गाठा, कारण अशा स्त्रियांचं गर्भाशय काढून तपासल्यावर बऱ्याच जणींत कॅन्सर आधीच सुरू झालेला सापडतो. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी जाताना नुसता कागद पुरत नाही. आधीच्या लॅबकडून नमुना बसवलेले मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड दोन्ही मागून न्या. ते लॅबकडे तुमच्याच नावाने ठेवलेले असतात, अर्ज केला की मिळतात. ब्लॉक असले तर नव्याने बायोप्सी न करता पुढच्या चाचण्या करता येतात.

मूल हवं असेल तर तेही पहिल्याच भेटीत सांगा. ग्रेड १ चा (सर्वांत सौम्य दर्जाचा) एन्डोमेट्रिऑइड, म्हणजे अस्तराचा नेहमीच्या प्रकारचा कॅन्सर, एमआरआयवर स्नायूत न शिरलेला आणि बाहेर न पसरलेला, अशा निवडक तरुणींना मेजेस्ट्रॉल या प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळीवर किंवा हार्मोनच्या टीवर ठेवून दर ३ ते ६ महिन्यांनी बायोप्सी करत गर्भाशय राखता येतं. प्रतिसाद चांगला मिळतो, पण आजार उलटण्याचं प्रमाणही लक्षणीय आहे. म्हणून अस्तर स्वच्छ आल्यावर गर्भधारणेसाठी वेळ दवडायचा नाही.

दुसरा कागद : वंशावळ

चौकोन पुरुषासाठी, गोल बाईसाठी. खाली तुम्ही आणि भावंडं, वर आई-वडील, काका, आत्या, मामा, मावश्या, त्यांच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा; चुलत, आते, मामे, मावस भावंडंही घ्या. प्रत्येकाजवळ आजार आणि तो कळला तेव्हाचं वय लिहा. मृत्यूचं वय पुरत नाही.

आपल्याकडे आजारांची नावं झाकून ठेवलेली असतात, तेव्हा प्रश्न तसे विचारावे लागतात. ‘आजीची पिशवी काढली होती’ म्हटलं की ‘कशासाठी, आणि नंतर शेक (रेडिएशन) दिला होता का?’ असं विचारा. ‘पिशवीचा कॅन्सर’ अनेकदा पिशवीच्या तोंडाचा असतो. तो एचपीव्ही विषाणूमुळे होतो, त्याचा या वारशाशी संबंध नाही. ‘पोटाचं काहीतरी झालं’ यात मोठं आतडं, जठर, अंडाशय काहीही दडलेलं असू शकतं. जुन्या रिपोर्टचा कागद मिळाला तर दहा आठवणींपेक्षा तो बरा.

वडिलांची बाजू सोडू नका. लिंच वडिलांकडूनही येतो, आणि पुरुषात तो बहुधा मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या रूपात दिसतो, म्हणून लेकीच्या गर्भाशयाशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. मोठं आतडं, अस्तर, अंडाशय, जठर, मूत्रवाहिनी यांपैकी कुठलाही कॅन्सर एकाच बाजूच्या दोन-तीन जणांना, त्यातल्या एकाला तरी पन्नाशीच्या आत, असं चित्र दिसलं की जनुक-समुपदेशकाकडे जायचं. स्तन, थायरॉइड आणि अस्तर यांचे कॅन्सर एकाच घरात, शिवाय डोक्याचा घेर मोठा, असं असेल तर काउडनची शंका घ्यायची. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात एक जास्तीची गोष्ट लक्षात ठेवा: दोन्ही पालकांकडून तेच बिघडलेलं जनुक आलं तर मुलाला बालपणीच कॅन्सर होऊ शकतो.

चाचणी कोणाची आणि कुठल्या क्रमाने

घरात कॅन्सर झालेली व्यक्ती हयात असेल तर आधी तिची चाचणी करा. तिच्यात दोष सापडला तरच निरोगी नातेवाइकांचा नकारात्मक निकाल खरा दिलासा देतो. तुमच्या स्वतःच्या बायोप्सीत कॅन्सर निघाला असेल तर पहिली पायरी रक्ताची नसून ब्लॉकची. त्यावर एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ या चार प्रथिनांची रंगचाचणी करतात. चारही शाबूत असतील तर लिंचची शक्यता कमी. एमएलएच१ आणि पीएमएस२ दोन्ही गायब असतील तर लगेच वारशाचा निष्कर्ष काढू नका. एमएलएच१ चा प्रमोटर (जनुक चालू करणारा भाग) मिथाइल होऊन, म्हणजे त्यावर रासायनिक खूण बसून, ते जनुक पेशीत मागाहून बंद पडणं हे जास्त नेहमीचं कारण आहे, म्हणून आधी मिथिलेशन चाचणी. एमएसएच२ किंवा एमएसएच६ गायब असेल तर थेट रक्त किंवा लाळेवर जनुक-चाचणी.

लिंच पक्का झाला तर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी एमएलएच१ आणि एमएसएच२ साठी साधारण २० ते २५ व्या वर्षापासून, एक-दोन वर्षांनी. एमएसएच६ आणि पीएमएस२ मध्ये थोडी उशिरा. मुलं झाल्यावर, साधारण चाळिशीच्या आसपास, गर्भाशय आणि अंडाशय काढण्याचा विचार होतो. लिंच असलेल्या मुलीला पीसीओएसही असेल तर पाळीत मोठी अंतरं चालवून घ्यायची नाहीत आणि अनियमित स्रावावर थांबून बघायचं नाही, लगेच बायोप्सी.

रिपोर्टवर ‘व्हीयूएस’, म्हणजे अर्थ न ठरलेला फरक, असं लिहून आलं तर तो सकारात्मक निकाल नव्हे. त्यावर गर्भाशय काढायचं नाही, बहिणींना चाचणीला पाठवायचं नाही. लॅबचा रिपोर्ट क्रमांक जपून ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी त्याच लॅबला त्या फरकाचं वर्गीकरण बदललं का ते विचारा.